सिंहलद्वीपाच्या प्रवासास निघण्यापूर्वी

मुंबईहून विमान जेथे अडीच तासांत पोहोचते, जेथील घड्याळ आपल्या घड्याळाशी मिळते, वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात आणि दुपारच्या ताटात भात, डाळ व नारळाच्या रसातील भाज्या येतात, त्या देशाच्या प्रवासासाठी पूर्वतयारी ती कसली करावयाची, अशा समजुतीने श्रीलंकेच्या सहलीचा विसार भरून मोकळे होणारे लोक पुष्कळ आहेत; आणि सहा रात्रींत सात गावे उरकून परतल्यावर, सगळे पाहिले पण ध्यानात काहीच राहिले नाही, अशी कुरकुर करणारेही बहुधा तेच असतात. दोष देशाचा नसतो, आणि नेहमी सहलसंस्थेचाही नसतो. छापील कार्यक्रमपत्रिकेत गावांची नावे किती आहेत हे मोजून तिची किंमत ठरविण्याची जी आपली रीत आहे, तिचा तो असतो.

श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून किंचित अधिक एवढेच असल्यामुळे नकाशा पाहणाऱ्यास तेथील सगळीच अंतरे हाताशी वाटतात. प्रत्यक्षात कोलंबोहून कँडीपर्यंतचे सुमारे ११५ किलोमीटर तोडण्यास तीन तास सहज जातात. कँडीहून नुवारा एलियास जाणारा रस्ता ऐंशी किलोमीटरांचाही भरत नाही, तथापि चहाच्या मळ्यांतून वळणे घेत चढणाऱ्या मोठ्या बसला त्यासाठीही जवळजवळ तेवढाच वेळ द्यावा लागतो. कोलंबो ते गॉल हा दक्षिणेचा द्रुतगती मार्ग २०११ मध्ये खुला झाल्यापासून तो टप्पा सुखाचा झाला आहे. यास्तव कार्यक्रमपत्रिका हाती आली की प्रत्येक दिवसापुढे प्रवासाचे तास पेन्सिलीने मांडावेत, आणि ज्या दिवशी ती बेरीज पाच तासांच्या वर जाईल त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी एखादेच स्थळ धडपणे पाहून होईल असे धरून चालावे.

मार्गदर्शकासह केलेल्या सहलीस नाक मुरडण्याची एक चाल अलीकडे सुशिक्षितांत पडली आहे. युरोपातील एखाद्या शहरात ती शोभतही असेल. परंतु ज्या देशाचे वैभव निम्म्याहून अधिक विटांच्या अवशेषांत आणि पाण्याच्या तलावांत आहे, तेथे जाणता मनुष्य बरोबर नसेल तर हजार वर्षांच्या राजधानीत फिरूनही पर्यटकास पडक्या भिंती आणि गवत यांपलीकडे काही दिसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्न एवढाच की मार्गदर्शक कोण. इकडून समुदायाबरोबर जाणारा व्यवस्थापक खोल्यांच्या किल्ल्या, जेवणाच्या वेळा आणि हरवलेल्या छत्र्या यांचा बंदोबस्त उत्तम ठेवतो, पण अनुराधपुराच्या स्तूपासमोर बोलण्याचा अधिकार त्याचा नव्हे. त्यासाठी तेथील पर्यटन विकास प्राधिकरणाचा परवाना असलेले मार्गदर्शक असतात. त्यांत संपूर्ण देशभर समुदायाबरोबर फिरणारे राष्ट्रीय मार्गदर्शक निराळे, लहान कुटुंबाची मोटार स्वतः चालवून माहितीही सांगणारे चालक-मार्गदर्शक निराळे, आणि एकाच स्थळापुरते नेमलेले स्थानिक मार्गदर्शक आणखी निराळे. आपल्याबरोबर यांपैकी कोण राहणार आणि तो कोणत्या भाषेत बोलणार, हे विसार भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

त्याच पत्रात आणखी काही खुलासे मागावेत. प्रवेशशुल्क एकूण रकमेत धरले आहे की जागेवर द्यावयाचे, हा पहिला. सिगिरिया आणि पोलोन्नरुव यांसारख्या पुरातत्त्वीय स्थळांचे परदेशी पर्यटकांसाठीचे दर लहान नसतात, मात्र सार्क देशांच्या नागरिकांना त्यांत सवलत मिळत आली आहे, आणि ती मिळण्यासाठी मूळ पारपत्र दाखवावे लागते. ते हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघालेला मनुष्य खिडकीपाशी पूर्ण पैसे मोजतो. दुसरा खुलासा ‘दर्शन’ या शब्दाखाली बसमधून दिसणारे दर्शन अभिप्रेत आहे की पायी उतरून केलेले, याचा. तिसरा दुकानांचा. रत्नांचे ‘संग्रहालय’, बाटिकचा ‘कारखाना’, मातळेच्या वाटेवरील मसाल्यांची ‘बाग’ ही स्थळे कार्यक्रमात फुकट म्हणून दाखविलेली असतात. मसाल्याच्या बागेत दालचिनीची साल सोलण्याचे प्रात्यक्षिक खरोखर पाहण्यासारखे असते, परंतु त्यानंतर खांद्याला तेल चोळून घेता घेता गुडघेदुखीपासून टकलापर्यंत सर्वांवर उतारा म्हणून ज्या बाटल्या पुढे येतात, त्यांच्या किमतीत आणणाऱ्याचा हिस्सा धरलेला असतो, हे उघड गुपित आहे. अशी ठिकाणे एकाहून अधिक नकोत, असे आधीच कळविले तर कोणी वाईट वाटून घेत नाही.

ऋतूचा विचार मात्र सहलसंस्थेवर सोपवू नये, कारण तिला बाराही महिने गाडी चालवावयाची असते. या बेटावर दोन मोसमी पाऊस पडतात. नैर्ऋत्येचा पाऊस साधारण मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत कोलंबो, गॉल आणि डोंगराळ प्रदेशाची पश्चिम बाजू भिजवितो; ईशान्येचा पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तर आणि पूर्व भागास मिळतो; आणि या दोहोंमधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्टीतच, दुपारनंतर गडगडाटासह कोठेही कोसळू शकतो. सर्व देश एकाच वेळी कोरडा मिळण्याची आशा त्यातल्या त्यात फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च या काळात करावी. मुलांच्या शाळांमुळे ज्यांना मेचाच महिना मोकळा असतो, त्यांनी दक्षिणेचा किनारा वगळून पूर्वेचा धरावा. त्रिंकोमालीचे कोणेश्वराचे मंदिर आणि तेथील शांत समुद्र त्या दिवसांत उत्तम असतो. नाताळच्या सुट्टीत याच्या उलट करावे.

पौर्णिमेकडेही पाहावे. दर पौर्णिमेस तेथे ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते, मद्यविक्री बंद राहते, मांसाची दुकाने उघडत नाहीत, आणि शुभ्र वस्त्रे नेसलेली कुटुंबेच्या कुटुंबे हातात कमळे घेऊन विहारांकडे निघतात. ज्येष्ठातील पोसोन पौर्णिमेस, अशोकपुत्र महिंदाच्या आगमनाच्या स्मरणार्थ, मिहिंतलेच्या पायऱ्यांवर मुंगीला वाट मिळत नाही. गर्दी सोसवणाऱ्याने ती तिथी मुद्दाम साधावी, न सोसवणाऱ्याने टाळावी. अजाणता मात्र कोणी तेथे सापडू नये.

आता मार्ग. माझ्या मते दहा रात्री हाताशी असतील तर त्यांतील तीन, आणि सातच असतील तरीही तीन, बेटाच्या मध्योत्तर कोरड्या प्रदेशास द्याव्यात, आणि त्या तिन्ही हबरण किंवा सिगिरिया येथे एकाच हॉटेलात काढाव्यात. येथून दंबुल्ला, सिगिरिया आणि पोलोन्नरुव तासाभराच्या आत-बाहेर आहेत, अनुराधपुर त्याहून थोडे पुढे. रोज सकाळी पेटी बांधण्याचा आणि रोज संध्याकाळी ती उघडण्याचा जो त्रास बहुतेक सहलींत प्रवाशाचे निम्मे अवसान खातो, तो येथे वाचतो.

अनुराधपुरात पहिले दर्शन श्रीमहाबोधीचे. बोधगयेच्या वृक्षाची फांदी अशोककन्या संघमित्तेने इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात येथे आणून लाविली, आणि माणसाने लावलेल्या व लावल्याचा काळ ज्ञात असलेल्या वृक्षांत हा सर्वांत जुना समजला जातो. सोन्याचा मुलामा दिलेल्या टेकूंवर विसावलेल्या त्या बारीकशा फांद्या पाहून प्रथम निराशा होते. तेथे अर्धा तास स्वस्थ बसणाऱ्याची ती टिकत नाही. पुढे रुवनवेलीसाय स्तूपाचा शुभ्र घुमट, आणि त्यानंतर महासेन राजाने तिसऱ्या शतकात आरंभिलेला जेतवन स्तूप, जो मूळचा सुमारे १२२ मीटर उंच असून त्या काळच्या जगातील सर्वांत उंच वास्तूंत मोडत होता, तो पाहावा. या सर्व प्रांगणांत पादत्राणे आणि टोपी उतरावी लागते. दहानंतर तेथील फरसबंदी इतकी तापते की भाविकही टाचांवर पळतात. सुती पायमोज्यांना मनाई नसल्याने एक जुना जोड पिशवीत टाकावा, आणि शक्य तर सकाळी सातलाच पोहोचावे.

पोलोन्नरुव ही त्यानंतरची राजधानी. ९९३ मध्ये राजराज चोळाच्या सैन्याने अनुराधपुर उद्ध्वस्त केल्यावर चोळांनी आपले ठाणे येथे घातले, आणि पुढे पहिल्या पराक्रमबाहूच्या कारकिर्दीत (११५३–११८६) हे नगर कळसास पोहोचले. गलविहारातील सुमारे चौदा मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती सर्वच पाहतात. तिच्या उशीवर डोक्याच्या भाराने पडलेला खळगा शिल्पकाराने दगडात कसा दाखविला आहे, हे थोडे जवळ जाऊन पाहणारे थोडे. मार्गदर्शकाकडून येथे एक गोष्ट आग्रहाने समजून घ्यावी, ती म्हणजे पायरीशी बसविलेली अर्धवर्तुळाकार चंद्रशिला. अनुराधपुरातील चंद्रशिलेवर हत्ती, घोडा, सिंह आणि वृषभ एकाच पट्ट्यात एकामागून एक चालतात, आत वेल, त्याच्या आत हंस आणि मध्यभागी कमळ. पोलोन्नरुवात त्यातला वृषभ नाहीसा होतो. चोळांच्या आमदानीनंतर शिवाच्या नंदीवर पाय ठेवून देवळात शिरणे कोणास रुचेनासे झाले, असा त्याचा अर्थ अभ्यासक सामान्यतः लावतात. दोन धर्मांचा सहवास कसा घडला, याचा एवढा बोलका दाखला वीतभर दगडात क्वचितच मिळेल. आणि बसमधून तो दिसत नाही.

याच प्रदेशातील तलाव ‘वाटेत दिसतील’ अशा नोंदीवर सोडून देऊ नयेत. पावसाचे पाणी प्रजेच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्रास मिळू नये, हे पराक्रमबाहूचे धोरण इतिवृत्तकारांनी नमूद केले आहे, आणि त्याचा पराक्रमसमुद्र आजही शेती भिजवितो. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्याच्या बंधाऱ्यावर अर्धा तास पायी फिरण्याची तरतूद मागून घ्यावी.

सिगिरियाचा खडक सुमारे दोनशे मीटर उंच, पायऱ्या बाराशेच्या आसपास. पित्याचा वध करून सिंहासन बळकावलेल्या काश्यपाने पाचव्या शतकात भावाच्या भयाने हा दुर्ग वसविला, असे महावंस या इतिवृत्ताची परंपरा सांगते. अर्ध्या चढावर, लोखंडी जिन्याने गाठावयाच्या कपारीत त्या प्रसिद्ध स्त्रिया आहेत. कमरेच्या वर मेघांतून प्रकटलेल्या, हाती फुलांची तबके घेतलेल्या. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी वाकाटक हरिषेणाच्या आमदानीत, म्हणजे याच शतकात रंगत होती, ही गोष्ट ध्यानात ठेवून जो मराठी मनुष्य येथे उभा राहील त्याचा आनंद द्विगुणित होईल. मात्र तुलनेच्या भरात छायाचित्र काढू नये, तेथे मनाई आहे. खाली आरशासारख्या घोटलेल्या भिंतीवर मुख्यत्वे आठव्या ते दहाव्या शतकांत आलेल्या प्रेक्षकांनी या स्त्रियांना उद्देशून सिंहली पद्ये कोरून ठेविली आहेत. त्यांपैकी ६८५ पद्यांचे वाचन सेनरत परणवितान यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. ऐतिहासिक वास्तूवर नाव कोरण्याच्या आपल्याकडील हौसेचे मी समर्थन करीत नाही, पण ती हौस काव्यात उतरली असता हजार वर्षांनी विद्वानांच्या कामी येते, असे दिसते. चढाई साडेसातच्या आत सुरू करावी. दहानंतर उन्हाने खडक तापतो आणि शाळांच्या सहलींनी जिने भरतात. गांधीलमाशांची पोळी खडकावर आहेत, तेव्हा मुलांना आरडाओरड करू देऊ नये. ज्यांचे गुडघे नकार देतील त्यांनी खालच्या जलोद्यानांत फिरण्यात कमीपणा मानू नये.

दंबुल्ल्याच्या पाच गुहा दुपारी पाहाव्यात. आत शिरण्यापूर्वी मान वर करून कपारीच्या ओठावर कोरलेली बारीक खाच पाहावी. खडकावरून ओघळणारे पाणी त्या खाचेशी येऊन सुटते आणि थेट खाली पडते, आत वळत नाही. एवढ्या साध्या युक्तीने गुहांच्या आतील चित्रे कोरडी राहिली आहेत.

कँडीस दोन रात्री पुरतात. बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिरात प्रत्यक्ष दंत दिसत नाही, त्याचा सुवर्णकरंडकच पूजेच्या वेळी दुरून दिसतो, हे आधी ठाऊक असले म्हणजे रांगेत चिडचिड होत नाही. सायंपूजा साडेसहाच्या सुमारास असते. खालच्या दालनातील ढोलवादन ऐकण्यासाठी त्यापूर्वी अर्धा तास पोहोचावे. जुलै-ऑगस्टमधील एसल पेरहेर हा मिरवणुकीचा उत्सव पाहावयाचा असल्यास खोल्या कित्येक महिने अगोदर राखाव्या लागतात. येथील शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह १८१५ मध्ये इंग्रजांच्या हाती सापडून वेल्लोरच्या किल्ल्यात बंदिवान झाला आणि १८३२ मध्ये तेथेच वारला. पेरादेणियाच्या वनस्पती-उद्यानासाठी अर्धा दिवस राखावा.

डोंगराकडे जाताना नानुओया ते एल्ला हा टप्पा आगगाडीने करावा, परंतु ‘आगगाडीचा प्रवास’ या नोंदीपुढे ‘राखीव आसन’ हे शब्द आहेत की नाहीत ते पाहावे. नसल्यास दोन-अडीच तास दाराशी उभे राहण्याची तयारी ठेवावी, आणि दाराबाहेर लोंबकळून छायाचित्र काढणाऱ्यांचे अनुकरण करू नये. अतिवृष्टीत दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो, म्हणून पर्यायी मोटारीची तरतूद आधीच विचारावी. चहाच्या कारखान्यात पेला हाती देऊन दहा मिनिटांत बाहेर काढतात. त्याऐवजी पानांची वजने चालू असतील त्या वेळी नेण्याची विनंती करावी. १८६७ मध्ये जेम्स टेलरने लूलकंदुरा येथे चहाची लागवड केली आणि १८६९ पासून तांबेऱ्याने कॉफीचे मळे बुडविले, ही कथा सर्व मार्गदर्शक सांगतात. ज्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांतून ही पाने येतात, त्या तमिळ मजुरांचे पूर्वज मद्रास इलाख्यातून आले, १९४८ च्या कायद्याने त्यांतील बहुसंख्यांचे नागरिकत्व गेले आणि १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने लाखोंना ‘परत’ भारतात धाडण्याचे ठरले, हे विचारल्यावाचून कोणी सांगत नाही.

रामायणाच्या नावाने सहली काढण्याचा शिरस्ता आपल्याकडे जोरात आहे. सीता एलियाचे ओढ्याकाठचे मंदिर रम्य आहे, आणि श्रद्धेने तेथे हात जोडणाऱ्याशी माझा वाद नाही. परंतु ही स्थाने लोकश्रद्धेची आहेत, पुराव्याची नव्हेत. त्यांच्या मागे लागून जो अनुराधपुर गाळतो त्याचा व्यवहार घाट्याचा झाला, एवढेच म्हणतो.

दक्षिणेस गॉलचा कोट पायी, सायंकाळी, तटावरून पाहावा. १६४० मध्ये डचांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि नव्याने बांधून काढला. भरतीच्या पाण्याने धुतली जाणारी त्यांची भुयारी गटारे हा त्या काळच्या स्थापत्याचा उत्तम नमुना आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने भोवतालचे शहर उद्ध्वस्त केले, तटाच्या आतील वस्ती बहुतांशी वाचली. कोग्गलच्या किनाऱ्यावर काठ्यांवर बसलेले कोळी आता मुख्यत्वे छायाचित्रांच्या पैशांसाठी बसतात. बिबट्यासाठी याला राष्ट्रीय उद्यानात जाण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी जीपगाड्यांची रांग सोसावी. हत्ती पाहावयाचे तर ऑगस्ट-सप्टेंबरात मिन्नेरियाचा तलाव हबरणहूनच जवळ पडतो.

शाकाहारी वाचकांसाठी दोन शब्द. भात आणि आमटीबरोबर सात-आठ भाज्या मिळण्याचा हा देश आहे, उपासमार होणार नाही. मात्र नारळाच्या चटणीसारख्या दिसणाऱ्या ‘पोल सांबोला’त आणि पुष्कळ भाज्यांतही सुक्या मालदीव मासळीचा चुरा मिसळण्याची पद्धत आहे, आणि नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्याने तो टळतोच असे नाही. ‘मस् मालु एपा’, म्हणजे मांस-मासळी नको, हे तीन शब्द पाठ करावेत. सकाळी आप्पे नव्हे, आप्पम मागावे. दही आणि कितुल ताडाची काकवी हे जेवणाअंतीचे मिष्टान्न चुकवू नये.

देवळांत खांदे व गुडघे झाकलेले असावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा तेथे गंभीर अनादर समजतात, आणि अंगावर बुद्धाचे गोंदण असलेल्या परदेशी प्रवाशांना देशाबाहेर काढल्याचे प्रसंग घडले आहेत. मौजेखातर तसली चित्रे छापलेले सदरेही नेऊ नयेत. प्रवेशपरवाना आगाऊ, आणि सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा. शुल्काचे नियम वरचेवर बदलतात. डासांसाठी मलम आणि डोंगरांसाठी एक लोकरी वस्त्र बरोबर हवेच, कारण नुवारा एलिया १,८६८ मीटरांवर आहे आणि जानेवारीत तेथे रात्री कडाक्याची थंडी पडते.

परतीचे विमान पहाटेचे असेल तर शेवटचा मुक्काम कोलंबोत ठेवू नये. विमानतळ कटुनायके येथे, शहराच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरांवर असून नेगोंबो त्याच्या अगदी लगत आहे. कोलंबोचे राष्ट्रीय संग्रहालय आदल्या दिवशी पाहून, तेथील चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत कोरलेली चिनी दर्यावर्दी झेंग ह याची शिला नजरेखालून घालून, रात्री नेगोंबोस पोहोचावे.